न घासलेली वाटी

करंजठाणच्या प्रार्थनामंदिरात पाऊल ठेवणाऱ्याच्या डोळ्यांत आधी तिथली स्वच्छता भरते. शहाबादी फरशी आरशासारखी, बाके तेलाने पुसलेली, मेजावरचा प्रभुभोजनाचा प्याला आणि भाकरीचे ताट इतके उजळ की खिडकीतले आभाळ त्यांत दिसावे. या सगळ्या झळाळीत, मेजाच्या उजव्या कोपऱ्यावर, एक तांब्याची वाटी ठेवलेली असते. ती काळी पडलेली आहे. कडेला हिरवट पुटे चढली आहेत. तिच्या तळाला मध्यभागी बाजरीच्या दाण्याएवढे छिद्र आहे आणि छिद्राभोवती कथलाचे पांढुरके कडे आहे. काळ्या तळावर ते कडे दुरूनही दिसते.

नवख्या माणसाला वाटते, घासायची राहून गेली असावी. एकदा पुण्याहून आलेल्या एका बाईंनी ती पदराने पुसायला घेतली, तेव्हा मंदिराची किल्ली सांभाळणारे इस्राएल गुरुजी, ऐंशी उलटलेले, काठी टाकून धावले.

"राहू द्या, बाई! तेवढी घासायची नसते. घासल्यामुळंच तर सगळं झालं."

मग त्यांनी पाहुण्यांना बाकावर बसवून घेतले आणि गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती हकीकत सांगितली. तिचा काळ नेमका सांगता येत नाही. मोठ्या दुष्काळानंतर खडकाळी ओढ्यावर दगडी बंधारा बांधला गेला आणि त्यानंतर अठरा वर्षांनी हे घडले, एवढेच गाव म्हणते.

करंजठाण हे ओढ्याकाठचे छोटे ख्रिस्ती गाव. त्याच्या दोन आळ्या. वरच्या आळीतल्या घरांनी बाप्तिस्मा आधी घेतला होता. खालच्या आळीतली घरे दुष्काळानंतर आली. त्याआधीची जातीची ओळख दोन्ही आळ्यांनी ओढ्यात सोडली असे उपासनेत म्हटले जाई, परंतु बसताना खालची आळी मागे बसे आणि प्याला त्यांच्यापर्यंत शेवटी पोहोचे. असा नियम कोणी केला नव्हता. कोणी मोडलाही नव्हता.

बंधाऱ्यातून निघालेला पाट आधी वरच्या आळीच्या वावरांना आणि मग खालच्या आळीच्या वावरांना पाणी देई. पाणी मोजायचे ते वाटीने. पाण्याने भरलेल्या घंगाळात सच्छिद्र वाटी सोडायची. छिद्रातून पाणी वर येत वाटी भरे आणि बुडे. तेवढा वेळ म्हणजे एक बुडी. प्रत्येक वावराला चार बुडी पाणी. बाजारच्या गावातल्या एका तांबटाने एकाच पत्र्यातून, एकाच मापाच्या दोन वाट्या करून दिल्या होत्या, दर आळीला एक. खालच्या आळीची वाटी सिलास नावाच्या माणसाकडे असे आणि तो वारल्यावर ती त्याच्या बायकोकडे, तबीथाकडे आली. वरच्या आळीची वाटी मात्र मंदिरात, प्याल्याशेजारी ठेवण्याची रीत पडली. पाणी हे देवाचे देणे, त्याचे माप देवाच्या मेजावर असावे, असा त्यामागचा विचार. तो विचार हनोखबाबाचा होता.

हनोख हा गावाचा पाटकरी, म्हणजे पाण्याच्या पाळ्या लावणारा आणि पाण्यावरून होणारे तंटे तोडणारा. त्याच्या न्यायाला धाक होता आणि तो धाक कमावलेला होता. सख्ख्या भावाने पाटाचा बांध फोडला तेव्हा त्याने भावाचेच पाणी दोन पाळ्या बंद ठेवले, ही गोष्ट शेजारच्या गावांतही माहीत होती. प्रार्थना तो मोठी करी. हनोखबाबा प्रार्थनेला उभा राहिला की वाटी दोनदा बुडते, असे खालच्या आळीतली माणसे हसत म्हणत. हे त्याच्या कानावर येई आणि त्याला ते मनातून आवडे.

त्या वर्षी पाऊस भाद्रपदातच आटोपला. ओढा पौषात करंगळीएवढा झाला. वरच्या आळीचा हरभरा घाटे धरण्याआधी पिवळा पडू लागला आणि खालच्या आळीचा गहू मात्र हिरवा उभा होता. पाणी भरपूर असताना जे कोणाला दिसले नव्हते, ते आता बांधावर उभे राहिलेल्या प्रत्येकाला दिसू लागले.

"खालच्यांचं पाणी जाड असतं वाटतं," वरच्या आळीतला गिदोन पाटावर सर्वांदेखत म्हणाला. "चार बुडीत आमचं वावर निम्मं भिजतं, आन्‌ यांचं बांधापर्यंत."

तबीथा दारे धरून उभी होती. तिच्या जिभेला गाव बिचकून असे. "जाड न्हाई, गिदोनभाऊ. तुमचं पाणी उंचावरनं येतं, खाली बघायला लाजतं."

लोक हसले, पण हनोख हसला नाही. त्याला हा प्रश्न न्यायाचा वाटला, आणि न्यायाचा प्रश्न तो टाळत नसे. येत्या रविवारी उपासनेनंतर दोन्ही वाट्या एकाच घंगाळात सोडायच्या, असे त्याने सांगितले.

त्या रविवारी महिन्यातून एकदा तालुक्याहून येणारे पाळकसाहेबही हजर होते. मंदिरापुढच्या कडुनिंबाखाली घंगाळ ठेवले गेले. हनोखने स्वतःच्या हातांनी दोन्ही वाट्या एकदम सोडल्या. वरच्या आळीची वाटी सूर्यासारखी चमकत होती, खालच्या आळीची काळपट. चमकती वाटी भरली आणि बुडाली. काळपट वाटी तरंगतच राहिली. गाण्याची दोन कडवी म्हणून व्हावीत इतका वेळ ती तरंगत राहिली, आणि मग बुडाली.

"छिद्र बुजवलंय," गिदोन ओरडला. "मेण लावलंय हिनं!"

हनोखने वाटी उचलून पाहिली. मेण नव्हते. "असेल, तर काढून टाकलं असेल. किंवा आतनं ठोकून बारीक केलं असेल," तो म्हणाला. "तबीथाबाई, खरं काय ते मंडळीसमोर सांग. दुष्काळाचं वर्ष आहे. कबूल केलंस तर आम्ही सोडून देऊ."

"बाबा, दोन वाट्या वेगळ्या बुडाल्या," तबीथा म्हणाली. "येवढंच दिसलं. त्यातली खोटी कोणची, हे कशावरनं ठरिवलं?"

गर्दीत कुजबुज झाली. "देवाच्या मेजावरची वाटी खोटी म्हणतेस?"

"मी कुणालाच खोटं म्हणत न्हाई. दोन्ही घ्या आन्‌ त्या तांबटाकडं चला. त्यानं केल्यात, तो सांगंल."

हे ऐकताना हनोखच्या मनात क्षणभर काहीतरी हलले, असे सांगतात. परंतु मेजावरचे भांडे उचलून बाजारात न्यायचे आणि त्याच्या खरेपणाची साक्ष एका परक्या तांबटाला विचारायची, ही कल्पनाच त्याला सहन झाली नाही. पाळकसाहेबांनी सुचवले, महिनाभर थांबावे, पुढच्या फेरीत पाहू. हनोख म्हणाला, "पीक महिनाभर थांबत नाही, साहेब."

त्याने निवाडा केला. खालच्या आळीची वाटी घेऊन तिथेच दाभणाने तिचे छिद्र मोठे केले. पुन्हा पुन्हा घंगाळात सोडून पाहिले. दोन्ही वाट्या एका वेळी बुडू लागल्या तेव्हा थांबला. मग खालच्या आळीची वाटीही स्वतःच्या ताब्यात घेतली. तबीथाने कबुली देईपर्यंत तिच्या वावराची पाळी बंद, आणि तोपर्यंत प्रभुभोजनात तिला वाटा नाही.

तबीथा एवढेच म्हणाली, "सिलासची वाटी होती ती, बाबा." आणि घरी गेली.

तिने कबुली दिली नाही. तिच्याकडे एकच वावर होते. सकाळ-दुपार ती ओढ्यातून दोन-दोन घागरी वाहून आणी आणि गव्हाला घाली. वाट मंदिरावरून आणि हनोखच्या अंगणावरून होती. महिनाभरात सगळे वावर वाळले. दोन वाफे तेवढे तिने वाचवले. दर रविवारी ती येई, पण आत जात नसे. कडुनिंबाखाली एक दगड होता, त्यावर बसून खिडकीतून येणारी गाणी ऐके. गाणे संपले की उठून घागरी घेई. खालच्या आळीचे माप आखडल्यामुळे इतरांचाही गहू बारीक पडला. दोन घरे कुलूप लावून साखर कारखान्याच्या कामाला गेली. वरच्या आळीचा हरभरा काही त्याने सुधारला नाही. पण पाळ्या सारख्या झाल्या, आता तक्रार उरली नाही, असे हनोख स्वतःला सांगत राहिला.

येथे हकीकत ज्या प्रसंगावर वळते तो अगदी साधा आहे. पाळकसाहेबांच्या पुढच्या फेरीला आठवडा उरला होता. शनिवारी दुपारी काही निरोप द्यायला हनोख मंदिरात गेला. त्याची बायको लेया ओट्यावर बसून मेजावरची भांडी घासत होती. दर शनिवारी ती घाशी. तिचे ते व्रतच होते. हनोखने तिला भांडी घासताना कधी पाहिले नव्हते. त्याने धुतलेली, मांडलेली, उजळ भांडीच काय ती पाहिली होती.

चिंच आणि राख लावून झाल्यावर लेयाने वाटीच्या छिद्रात सुतळी ओवली. सुतळीला विटकरीची भुकटी चोपडलेली होती. वाटी पायाच्या अंगठ्यांत धरून ती सुतळी मागे-पुढे ओढू लागली, एखादी गवळण ताक घुसळते तशी, आणि ओठांत गाणे चालू होते.

"हे काय करतेस?"

"छिद्रात हिरवं राहतं वो. सुतळीबिगर निघत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या शनिवारपासनं. अठरा वर्षं झाली की." ती हसली. "देवाच्या मेजावरचं भांडं. आत घाण राहिलेली बरी दिसती का?"

हनोखने सुतळी तिच्या हातातून घेतली आणि उन्हात धरली. विटकरीच्या तांबड्या भुकटीत तांब्याचा कीस चमकत होता. एका शनिवारचा कीस. तो ओट्यावर बसला. बऱ्याच वेळाने लेयालाही उमगले. तिच्या हातातली वाटी खाली पडून गोल फिरत राहिली.

"म्हंजे मी केलं का हे?"

"तू भांडं घासलंस," हनोख म्हणाला. "खोटं कोणतं, ते मी ठरवलं."

यानंतरचे तीन दिवस हनोखने काय केले याबद्दल हकीकत थोडेच बोलते, आणि जे बोलते ते कठोर आहे. दोन्ही वाट्या आता एका वेळी बुडत होत्या. गावात शांतता होती. खरे माप दाखवणारी एकच वाटी होती आणि तिचे छिद्र त्याने स्वतः, देवासमोर, दाभणाने मोठे केले होते. तो बोलला नसता तर कोणालाही काही कळले नसते. लेया बोलणार नव्हती. हे सगळे त्याने तीन दिवस मनात घोळवले. प्रार्थनेला उभा राही तेव्हा शब्द येत नसत.

"आज लवकर झाली तुमची प्रार्थना," तिसऱ्या सकाळी लेया म्हणाली. अंगणापुढून तबीथा घागरी घेऊन चालली होती.

हनोखने दोन्ही वाट्या फडक्यात बांधल्या आणि बाजारच्या गावची वाट धरली. दोन दिवस चालून तो तांबटाकडे पोहोचला. तांबट थकला होता, पण पेटीतून त्याने एक तांब्याचा खिळा काढला. "करंजठाण. दोन वाट्या. याच खिळ्यानं पाडली होती छिद्रं." त्याने खिळा एका वाटीत घातला, तो खुळखुळला. दुसरीत घातला, तिथेही खुळखुळला. "कोणी नासवल्या?"

"एक माझ्या घरानं," हनोख म्हणाला. "दुसरी माझ्या हातानं."

त्याने मेजावरची वाटी पुढे केली आणि छिद्र बुजवून जुन्या मापाचे पाडून द्यायला सांगितले. तांब्याने बुजवतो, म्हणजे कोणाला कळणार नाही, असे तांबट म्हणाला.

"कथलानं बुजवा," हनोख म्हणाला. "दिसू द्या."

रविवारी मंडळी भरली. भाकरी मोडण्याआधी हनोख उठला. त्या दिवशी तो फार थोडे बोलला. त्याने खिळा दाखवला, कथलाचे कडे दाखवले, सुतळीची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, "चोरी झाली नव्हती. वरची वाटी खोटी होती. तबीथाबाईनं तांबटाकडं चला म्हटलं होतं. मी गेलो नाही."

गिदोन अस्वस्थ होऊन म्हणाला, "बाबा, वाटी नीट करून आणलीत ना? मग झालं. मेजापुढं हे कशाला?"

मागच्या बाकांवरून आवाज उठला. "बाबांचं पाणी बंद करा! जेवढे दिस तिचं बंद होतं तेवढे दिस. आन्‌ भाकरीत वाटा न्हाई."

"बरोबर आहे," हनोख म्हणाला. त्याने पायातल्या वहाणा तिथेच सोडल्या आणि बाहेर गेला. तबीथा नेहमीप्रमाणे दगडावर बसली होती; खिडकीतून तिने सगळे ऐकले होते. हनोख तिच्यासमोर मातीत बसला. मंडळी दारात आणि खिडक्यांत दाटली.

"तू सांगशील ती शिक्षा," तो म्हणाला.

तबीथाने त्याच्याकडे पाहिले. "बाबा, तुम्ही मातीत बसल्यानं माझा गहू उगवायचा न्हाई."

"नाही."

"जी दोन घरं गेली, ती यायची न्हाईत."

"नाही."

खालच्या आळीतून पुन्हा कोणी तरी ओरडले, पाणी बंद करा. तबीथा वळली. "कुणाचंच बंद करू नका. मी रोज बघितलंय वावर वाळताना. तुम्ही कुणी बघितलं न्हाई." मग हनोखला म्हणाली, "सिलासची वाटी मला द्या. नासलेली असली तरी द्या. आन्‌ ती दुसरी पुन्हा घासू नका."

हनोखने फडके सोडून सिलासची वाटी तिच्या पदरात ठेवली. तेव्हा पाळकसाहेब भाकरीचे ताट घेऊन बाहेर आले आणि त्यांनी ते सर्वांच्या आधी तिच्यापुढे धरले. मागच्या बाकांवरच्या कोणापुढेही ते आजवर आधी आले नव्हते. तबीथाने हात पुढे केला नाही.

"मन अजून कडू हाय, साहेब," ती म्हणाली. "कडू मनानं कशी घेऊ? घंगाळ आणा. वाटी सोडा. एक बुडी थांबा. तेवढ्यात वळलं, तर घेईन."

घंगाळ आणले गेले. कथलाच्या कड्याची वाटी पाण्यावर सोडली गेली. आता ती खऱ्या मापाने, सावकाश भरत होती. पाळकसाहेब ताट धरून उभे, हनोख मातीत, मंडळी दारात. त्या बुडीइतका मोठा वेळ करंजठाणात कधी गेला नाही, असे सांगतात.

पुढे काय झाले, याविषयी गावात एकमत नाही, आणि हा मतभेद लक्षात घेण्याजोगा आहे. वरच्या आळीत सांगतात की वाटी काठोकाठ आली असताना तबीथाने हात पुढे केला. खालच्या आळीत सांगतात की वाटी बुडाली, तबीथा उठली आणि घागरी घेऊन गेली. भाकरी तिने पुढच्या वर्षी, गहू घरात आल्यावर घेतली. दोन्ही आळ्या आपापला पाठ शपथेवर सांगतात. एवढे मात्र दोघींनाही मान्य आहे की हनोखने पाटकरीपण सोडले, मरेपर्यंत तो पाटाच्या शेवटच्या वावरात दारे धरत राहिला, आणि तबीथा गेली तेव्हा सिलासची वाटी तिच्या उशाशी पुरली गेली.

पाहुण्या बाईंनी विचारले, "गुरुजी, तुम्ही कोणत्या आळीचे?"

"आई वरची, बाप खालचा," गुरुजी म्हणाले. "माझ्या घरात दोन्ही ऐकलंय. जेवताना भांडायची दोघं."

आजही करंजठाणात दोन्ही आळ्यांना एकच वाटी आहे. हंगामाची पहिली पाळी पाटाच्या शेवटच्या वावराला जाते. आजही प्रभुभोजनाच्या दिवशी पाळक भाकरीचे ताट घेऊन आधी बाहेर जातात आणि कडुनिंबाखालच्या दगडाशी उभे राहतात. आत घंगाळात काळी वाटी सोडली जाते. ज्याच्यावर अन्याय झाला आहे आणि ज्याचे मन अजून कडू आहे, त्याने तेवढ्या वेळात यावे, असा संकेत आहे. त्याला कोणी बोलवत नाही, कारण विचारत नाही. गाणे नसते, प्रार्थना नसते. मंडळी बाकांवर बसून राहते, आणि प्रत्येक जण पाण्याकडे पाहत आपल्या हातून कोण बाहेर राहिले ते आठवत असतो. कधी आवाराच्या फाटकाची कडी वाजते. कधी दगड रिकामाच राहतो. पाणी कथलाच्या कड्यातून वर येत जाते, वाटी जड होते, आणि बुडते.